गाळलेली चाळीस पानं

संपादकांनी पत्रात लिहिलं होतं की कोर्टातल्या गमतीजमती पाठवा, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं वाचायला आवडतं. गमती पुष्कळ आहेत, त्यातल्या एकदोन सांगतोही. पण मी वकील नव्हतो की न्यायाधीश नव्हतो. भोरच्या कोर्टात मी नक्कल कारकून होतो. संस्थान विलीन होऊन मुंबई राज्याचा कारभार सुरू झाला, मोडीतली दप्तरं कपाटात गेली, आणि इंग्रजी वाचता येणारा, बऱ्या अक्षराचा कुणी मॅट्रिक झालेला हवा म्हणून मला घेतलं. तिथपासून निवृत्त होईपर्यंत मी दुसऱ्यांनी लिहिलेलंच लिहीत राहिलो. स्वतःचं असं हे पहिलंच लिखाण आहे, त्यामुळे हात जरा अडखळतोय.

नक्कल म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. आता यंत्रात कागद ठेवला की त्याचं जुळं भावंड बाहेर येतं. तेव्हा पक्षकाराला निकालाची प्रत हवी असली की त्यानं अर्ज करायचा, आणि आम्ही तो निकाल पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत हातानं उतरवून काढायचा. मुळात असेल ते आणि तेवढंच. साहेबांनी घाईत 'उत्तरेस'च्या जागी 'दक्षिणेस' लिहिलं असेल, आणि ते चूक आहे हे सोबतच्या नकाशावरून आपल्याला ढळढळीत दिसत असेल, तरी आपण दक्षिणेसच लिहायचं. याला मक्षिकास मक्षिका म्हणतात. लिहून झालं की रुजवात. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं नकलेवरून बोट फिरवत ऐकायचं, आणि कानामात्रेचाही फरक नाही अशी खात्री झाली की सही करायची.

वेल्ह्याकडचा एक म्हातारा दर साली भाताची मळणी आटोपली की यायचा आणि एकाच निकालाची नक्कल मागायचा. बांधाचा दावा होता, तो त्यानं केव्हाच जिंकला होता, प्रतिवादी मरूनही गेला होता. दर साली नवी नक्कल कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला की कागद विटतो, मग निकाल तरी ताजा कसा राहील? दुसरा एक दुकानदार होता. त्याच्या निकालात 'हक्क शाबीत होत नाही' असं वाक्य होतं, आणि त्यातला 'नाही' नेमका ओळीच्या शेवटी आला होता. तो 'नाही' हातून राहून गेला तर कुणाच्या लक्षात येणार, असं तो मला गोड बोलून विचारत होता. मी त्याला खोलीबाहेर काढलं आणि पुढे आठवडाभर ती गोष्ट भेटेल त्याला सांगत फिरलो. त्या वयात माणसाला आपल्या प्रामाणिकपणाचं फार कौतुक असतं. मला तर होतंच.

लक्ष्मण मास्तर पहिल्यांदा आले ते नक्कल घ्यायलाच. पासलीच्या वर डोंगरात धनगरांची वस्ती आहे, तिथले ते. वस्तीच्या चराईच्या जागेचा दावा अपिलात पुण्याला गेला होता आणि तिथून भोरच्या दप्तरात आलेला निकाल इंग्रजीत होता. मास्तरांच्या हातात काठीचं एक टोक होतं, आणि दुसरं टोक धरून त्यांच्या बायको, सोनाबाई, पुढे चालत होत्या. मास्तर तिशीचे असतील. त्यांना अजिबात दिसत नव्हतं.

मी आणि माझा जोडीदार खिडकीशी बसून रुजवात घेत होतो. मास्तर बाहेरच्या बाकावर बसून ऐकत होते. नक्कल हातात दिल्यावर ते म्हणाले, "इंग्रजी स्वच्छ वाचता तुम्ही. फक्त आपण काय वाचतोय ते तुम्हाला कळत नसावं."

मला राग आला, कारण ते खरं होतं. मी शब्द वाचायचो, वाक्य वाचायचो नाही. त्यांना माझा राग आवाजावरून कळला असावा. ते हसले, आणि तिथंच बाकावर बसवून घेऊन त्यांनी आपली हकीकत सांगितली. लहानपणी मेंढरांमागे फिरताना एका शिक्षकानं त्यांना शाळेत बसवलं. पुढे संस्थानच्या मदतीवर ते पुण्याच्या कॉलेजात दोन वर्षं राहिले आणि इंटर पास झाले. तेवढ्यात काचबिंदूनं डोळे जायला लागले. शिक्षण सोडून ते वेल्ह्याकडच्या एका प्राथमिक शाळेत लागले. मुलांचे चेहरे दिसेनासे झाले तेव्हा तीही नोकरी गेली. आता विद्यापीठाची बी.ए.ची परीक्षा बाहेरून द्यायची असं त्यांनी ठरवलं होतं, तीही इंग्रजी साहित्य घेऊन. भोरातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी शब्द दिला होता की पास झालात तर वरच्या वर्गांना इंग्रजी शिकवायला घेईन. इंग्रजी शिकवायला डोळे लागत नाहीत, कान लागतात, असं ते मुख्याध्यापक म्हणाले होते. नापास झाले तर भावाच्या दारात, वस्तीवर परत. म्हणून त्यांना वाचून दाखवणारा हवा होता, आणि परीक्षेत त्यांच्या तोंडून निघेल ते लिहिणारा. लेखनिक उमेदवारापेक्षा कमी शिकलेला असावा असा नियम होता. मी मॅट्रिक. नियमात अगदी चपखल बसत होतो.

मलाही एकेकाळी कॉलेजात जायचं होतं. ते जमलं नव्हतं. मी हो म्हणालो.

नदीकडे उतरणाऱ्या बोळात त्यांनी एक खोली घेतली होती. मागच्या पडवीत सोनाबाईंच्या दोन शेळ्या. मी सकाळी सहाला जायचो आणि साडेआठला उठून घरी, आंघोळ, जेवण, कोर्ट. थंडीत नीरेवरचं धुकं बोळातून वर चढत दारापर्यंत यायचं. मी कंदिलाजवळ पुस्तक धरून वाचत असे. सोनाबाई चुलीपाशी, मास्तर भिंतीला टेकून, हनुवटी वर करून. कोण आधी जागं झालं, धुकं की वाचन, हे मला आज आठवूनही सांगता येत नाही. सुरुवातीला मला निम्मंही कळत नसे. पण न कळणाऱ्या इंग्रजीचा आवाज पहाटेच्या वेळी कानात असा साठत जायचा की दिवसभर तो ओसरत नसे. दुपारी मी कोर्टात उत्रोलीच्या कुणा दोन भावांच्या खाचरांच्या चतुःसीमा उतरवत असे, पूर्वेस ओढा, पश्चिमेस गाडीवाट, आणि त्या ओढ्याच्या पलीकडे मला धुरांड्यांची घरं दिसत. समुद्र मी तोपर्यंत पाहिलेला नव्हता. कोर्टातून घरी येताना नीरेच्या पुलावर उभा राहून मी तो पाहत असे.

साहित्य शिकणं म्हणजे काय, हे मला त्या खोलीत कळलं. पुण्याचे एक प्राध्यापक मास्तरांना जुन्या दिवसांपासून ओळखत. ते टपालानं निबंधाचे विषय पाठवत आणि आम्ही लिहून पाठवलेले निबंध तपासून परत धाडत. मास्तरांची लिहिण्याची रीत वेगळीच होती. एक वाक्य ते मनात पुरं करायचे, मग सांगायचे. सांगितलेलं वाक्य कधी बदलत नसत. मी विचारलं, खोडावंसं वाटत नाही का? ते म्हणाले की मी खोडतो, पण बोलायच्या आधी; तुमच्या कागदावर माझी खाडाखोड कशाला? आमच्या कोर्टातल्या साहेबांना ही कला साधली असती तर माझे किती तास वाचले असते.

एकदा धनगरांवरची एक जुनी कविता आली. तिच्यात एक मेंढपाळ दिवसभर झाडाखाली बसून पावा वाजवतो आणि प्रेयसीसाठी झुरतो. मास्तरांनी सोनाबाईंना अर्थ सांगितला. त्या भाकरी थापत होत्या, थापता थापताच म्हणाल्या, "मग मेंढरं कोन राखतं?" मास्तर इतके हसले की वाचन थांबवावं लागलं. त्या आठवड्याच्या निबंधात त्यांनी तो प्रश्न घातला, बायकोचा म्हणूनच घातला, आणि त्याच्या आधारानं दोन पानं अशी लिहिली की मला पहिल्यांदाच कवितेतलं काहीतरी समजलं. निबंध परत आला तेव्हा प्राध्यापकांनी समासात लाल शाईनं लिहिलं होतं की तुमच्या पत्नींचा प्रश्न अगदी योग्य आहे. मी ते वाचून दाखवल्यावर सोनाबाईंनी कागद हातात घेतला, त्या लाल ओळीकडे बराच वेळ पाहिलं, आणि तो निबंध भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीमागे ठेवून दिला.

दोन वर्षं अशी गेली. परीक्षा एप्रिलमध्ये होती. नेमलेल्या पुस्तकांपैकी एक जाडजूड कादंबरी शेवटी राहिली होती, कारण ती मिळतच नव्हती. प्राध्यापकांनी पुण्याच्या एका ग्रंथालयातून आपल्या नावावर काढून ती पाठवली, आणि पंधरा दिवसांत परत करायला सांगितली. समुद्रकाठच्या गावातली गोष्ट होती. खलाशाची विधवा तिथं एक खानावळ चालवते आणि तिचा थोरला मुलगा तिच्या मनाविरुद्ध जहाजावर जातो. आम्ही सकाळ-संध्याकाळ वाचत होतो, तरी ती संपत नव्हती.

त्याच दिवसांत माझं लग्न ठरलं होतं. मुलगी सारोळ्याची. तिच्या वडिलांनी रविवारी याद्या करायला बोलावलं होतं आणि साडेनऊची एस.टी. गाठायची होती. रविवार असल्यानं मास्तरांनी जास्त वेळ वाचायचं धरलं होतं. गाडी आहे हे मी सांगितलं असतं तर त्यांनी मला लगेच सोडलं असतं. पण पुस्तक तीन दिवसांत परत जायचं होतं, ते संपवायचं मीच कबूल केलं होतं, आणि मधे दोन दिवस मी लग्नाच्या गडबडीत गेलो नव्हतो, म्हणून उशीरही माझ्यामुळेच झाला होता. मुलगा जहाजावर चढतो तिथं एक प्रकरण संपलं. पुढची दोन प्रकरणं मी नजरेखालून घातली. वादळाची बातमी, मुलगा बुडाल्याचा निरोप, आईचा आक्रोश. चाळीस पानं. मी ती एकदम उलटली आणि त्यापुढचं प्रकरण वाचायला सुरुवात केली.

त्या प्रकरणाच्या पहिल्याच ओळीत आई खानावळीच्या खिडक्यांच्या काचा पुसत असते, आणि तिचे केस पांढरे झालेले असतात. मुलाचा उल्लेख होतो तो 'होता' असा.

मास्तरांनी हात वर केला. "थांबा. मधे काही राहिलं का?"

"नाही," मी म्हणालो. "लेखकानंच असं लिहिलंय."

त्यांनी हात खाली घेतला. मी पुढे वाचलं, गाडी गाठली, सारोळ्याला जाऊन आलो. ती चाळीस पानं सोमवारी सकाळी वाचून दाखवायची, काहीतरी निमित्त सांगायचं, असं मी गाडीत ठरवलं होतं, हे मी देवाशपथ सांगतो.

सोमवारी मी गेलो तेव्हा मास्तर दारातच उभे होते. रात्रभर त्यांना झोप आली नव्हती. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी कधी पाहिला नव्हता. माझा हात धरून त्यांनी मला खाली बसवलं आणि सांगायला लागले. एवढी मोठी कादंबरी, खिडकीच्या पडद्याचंही वर्णन करणारा लेखक, आणि मुलाच्या मरणाबद्दल एक शब्द नाही! बातमी नाही, रडणं नाही. एकदम पांढरे केस आणि काचा पुसणारा हात. जे सर्वांत मोठं आहे तिथं लेखक डोळे मिटून घेतो. "मी डोळ्यांचा माणूस नाही, म्हणून मला हे दिसलं असेल," असंही ते म्हणाले.

त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी पुस्तक उघडलं आणि पुढचं प्रकरण वाचायला लागलो. बुधवारी पुस्तक टपालानं परत गेलं.

परीक्षेला आम्ही दोघं पुण्याला गेलो आणि माझ्या मावशीकडे उतरलो. मास्तरांसाठी एक वेगळी खोली दिली होती. एक पर्यवेक्षक, एक टेबल, आम्ही दोघं. लेखनिकानं सांगितलेलं तेवढंच लिहायचं, स्वतःहून बोलायचं नाही, हे पर्यवेक्षकांनी रोज बजावायचं आणि मी रोज मान हलवायची. पहिले पेपर झकास गेले. मास्तर सांगायचे आणि माझा हात धावायचा. कादंबरीचा पेपर तिसऱ्या दिवशी होता. प्रश्नपत्रिका मीच हळू आवाजात वाचून दाखवायची होती. दुसरा प्रश्न त्याच कादंबरीवर होता. त्या कादंबरीतल्या आईचं चित्रण कसं केलं आहे, ते लिहा.

मास्तरांनी दोन्ही हात एकमेकांवर चोळले आणि त्याच प्रश्नापासून सुरुवात केली. एकेक वाक्य पुरं होऊन येत होतं. लेखक इथं मौन का धरतो, दुःख सांगण्यापेक्षा न सांगण्यात किती बळ असतं, पांढरे केस म्हणजे न लिहिलेलं प्रकरण कसं. इंग्रजी इतकं सुंदर होतं की माझ्या अंगावर काटा येत होता, आणि प्रत्येक वाक्य खोटं होतं. खोटं माझं होतं, त्यांचं नव्हे. पुस्तक वाचलेल्या कुणालाही पहिल्या चार ओळींत कळणार होतं की ह्या उमेदवारानं पुस्तक वाचलेलंच नाही.

माझी लेखणी थांबली. मास्तरांनी विचारलं, "लिहिलंत का?"

पर्यवेक्षकांनी वर पाहिलं. तोंड उघडलं तर दोघांनाही खोलीबाहेर जावं लागलं असतं. दोन वर्षांत मला एवढं इंग्रजी आलं होतं की मनातून वेगळं उत्तर लिहून काढता आलं असतं, आणि मास्तरांना ते कधी कळलं नसतं. मी कोर्टाचा कारकून होतो, असलेलं बदलायचं नाही हा माझा धर्म होता, असं मी पुढे अनेक वर्षं स्वतःला सांगत आलो. आज म्हातारपणी कबूल करतो, तो धर्म नव्हता, ती भीती होती. बोलायचं तर आधी मी लबाडी केली हे सांगावं लागलं असतं.

"लिहितो," मी म्हणालो, आणि जसंच्या तसं लिहिलं.

निकाल जूनमध्ये लागला. मास्तर बाकी सगळ्या विषयांत पास होते. कादंबरीचा पेपर तेवढा गेला होता. एका उत्तरानं कुणी नापास होत नाही, असं मला पुढे अनेक शहाण्या माणसांनी समजावलं. त्यांचं खरंही असेल. तपासलेला पेपर कधी कुणाला बघायला मिळत नाही, त्यामुळे मला ते कधीच कळणार नाही. शाळेतली जागा त्या महिन्यात दुसऱ्या कुणाला मिळाली. मुख्याध्यापकांचा नाइलाज होता, मुलांची वर्षं थोडीच थांबतात? मास्तरांनी खोली सोडली. सोनाबाईंनी दोन्ही शेळ्या सोडल्या, तसबीर पदरात गुंडाळली, आणि काठीचं टोक धरून त्या पुढे निघाल्या. मी स्टँडपर्यंत सामान घेऊन गेलो. मास्तर मला म्हणाले की तुम्ही फार कष्ट घेतलेत, माझंच काहीतरी कमी पडलं.

त्यानंतर चार महिने मी काहीच केलं नाही. माझं लग्न झालं. बायकोला मी पहिली गोष्ट सांगितली ती हीच. तिनं विचारलं की त्या रविवारी तुम्ही आमच्या घरी येऊन पोहे खाल्लेत, ते ही पानं गाळून का? मी हो म्हणालो. मग ती म्हणाली की आता तरी जाऊन या.

दिवाळीत कोर्टाला सुट्टी लागली. मी पुण्याला प्राध्यापकांकडे गेलो, त्यांना सगळं सांगितलं आणि ती कादंबरी पुन्हा मागितली. त्यांनी ती ग्रंथालयातून काढून दिली आणि या वेळी परत करायची तारीख सांगितली नाही. तिथून एस.टी.नं वेल्ह्याकडे, पुढे पासलीपर्यंत चालत, आणि पासलीहून वर चढ. खाचरांमध्ये भातकापणी चालू होती. डोंगराच्या कडेचं गवत पिकून सोनेरी झालं होतं आणि वारा आला की सगळी बाजू एकदम कूस बदलल्यासारखी वळायची. मी थांबत थांबत चढलो. पाय दुखत होते असं नाही.

वस्तीवर पाचसहा घरं. मास्तर अंगणात उन्हाला बसले होते. माझ्या पावलांवरून त्यांनी मला ओळखलं आणि नाव घेऊन हाक मारली. सोनाबाईंनी घोंगडी अंथरली, तांब्याभर पाणी दिलं. मी पाणी प्यायच्या आधी सांगून टाकलं. रविवार, गाडी, चाळीस पानं, माझं उत्तर. सोनाबाईही तिथंच उभ्या होत्या. मी खाली बघून बोलत होतो, त्यामुळे कुणाच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला ठाऊक नाही.

मग मास्तरांनी विचारलं, "पुस्तक आणलंय?"

"आणलंय."

"वाचा."

मी वाचलं. दोन तास लागले. वादळ आलं, धक्क्यावर माणसं जमली, जहाजाचा मालक टोपी हातात घेऊन खानावळीच्या दाराशी आला. मग आईचा शोक. पानंच्या पानं. ती मुलाची खोली आवरते, त्याचे बूट छातीशी धरते, देवाला दोष देते, शेजारणींना घालवून देते, परत बोलावते. मास्तर हलले नाहीत. संपल्यावर त्यांनी एक सुस्कारा सोडला.

"तुम्ही गाळलंत तेच बरं होतं," ते म्हणाले. "ह्या माणसाला थांबता येत नाही."

मला हसू आलं नाही, त्यांनाही नाही. पण त्यांच्या आवाजातला ताण सैल झाला होता, आणि त्या एका वाक्यानं त्यांनी मला परत घरात घेतलं हे मला कळलं.

पुढचं इथंच थोडक्यात सांगून टाकतो. दुसऱ्या वर्षी मास्तर पुन्हा परीक्षेला बसले. लेखनिक म्हणून त्यांनी माझंच नाव दिलं. मी नको म्हणत होतो, तर म्हणाले की एकदा चुकलेला माणूस जास्त नीट वाचतो. या वेळी मी प्रत्येक पुस्तक छापखान्याच्या नावासकट वाचलं, ते कंटाळले तरी. ते पास झाले. जागा मिळायला आणखी काही काळ वाट बघावी लागली, पण मिळाली, आणि भोरातच मिळाली. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं आता आजोबा झाली आहेत. तरी मधली ती वर्षं मी त्यांच्या आयुष्यातून काढून घेतली, ती कुठल्याच नकलेत भरून देता येत नाहीत.

पण मला त्या दिवशीच्या अंगणातच थांबायचं आहे. मास्तरांनी लेखकाला थांबता येत नाही असं म्हटलं तेव्हा सोनाबाईंनी विचारलं की एवढा वेळ वाचलं ते होतं तरी काय. मास्तरांनी चार वाक्यांत सांगितलं. पोरगा बुडाला, बातमी आली, आई रडली, लेखकानं ते फार लांबवलं. सोनाबाई ऐकून घेत होत्या. मग माझ्याकडे नाही, मास्तरांकडे बघून म्हणाल्या, "लांबवलं न्हाई. तिचा ल्योक गेला. तुमी दोगांनी मिळून त्या बाईला इतकं दिस रडू दिलं न्हाई."

मास्तरांचा हात घोंगडीच्या काठावर चाचपडत राहिला. थोड्या वेळानं त्यांनी मला ती पानं पुन्हा पहिल्यापासून वाचायला सांगितली, सावकाश, एकेक वाक्य. मी एक वाक्य वाचायचो, ते मनात पुरं करायचे, आणि सोनाबाईंना त्यांच्या बोलीत सांगायचे. इंग्रजी मी वाचत होतो, पण ऐकत होतो ते मास्तर सांगत होते तेच.

"म्या त्येला म्हनलं व्हतं, आज वारा बरा न्हाई, उद्या जा," मास्तर म्हणाले.

"तिचं नाव काय?" सोनाबाईंनी विचारलं. कादंबरी वाचली त्या पंधरा दिवसांत ते आम्ही त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. मास्तरांनी सांगितलं. इंग्रजी नाव, ते सोनाबाईंच्या तोंडात बसेना. दोनतीनदा त्यांनी म्हणून पाहिलं आणि मग त्याला आनसाबाई करून टाकलं.

ऊन डोंगराच्या पलीकडे उतरायला लागलं होतं. खाली खाचरांमधून कापणाऱ्यांचे आवाज येत होते. सोनाबाई पाय दुमडून आमच्या जवळ बसल्या.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग आनसाबाई काय म्हनली?"